डॉड किंग पर्यटक होतो

माझी आणि डॉड किंगची पहिली भेट झाली तेव्हा त्याचं डोकं आकाशात होतं आणि पाय माझ्या मैद्यात.

पोर्टलेनीतली ही बेकरी मी तेव्हा नुकतीच विकत घेतली होती. पहिलाच दिवस. पहाटे दिवा लावून मोठ्या परातीत मैदा मळायला घेतला, तोच छताचा एक तुकडा टपकन परातीत पडला. मागोमाग दुसरा. त्याच्यामागोमाग रबरी बूट घातलेले दोन पाय. ते थोडा वेळ हवेत लोंबकळले, त्यांनी जागेचा अंदाज घेतला आणि मग मैद्यात घोट्यापर्यंत रुतून बसले. वरून, कौलांच्या पलीकडून, अगदी शांत आवाज आला, "तुझ्या छताला भोक आहे रे."

"आत्ता पडलं ते!" मी किंचाळलो.

"छे, छे. होतंच. मी फक्त शोधून काढलं."

नंतर कळलं ते असं. बेकरीचं एक कौल सरकलेलं होतं आणि ते या माणसाच्या डोळ्यांत वर्षभर खुपत होतं. नवा बेकर येणार, त्याची आपली ओळख नाही, म्हणजे छतावर चढायला परवानगी मागावी लागणार. ती कटकट टाळायची तर मी उठायच्या आत काम उरकायला हवं, म्हणून साहेब अंधारातच चढले होते. मी त्याला ओढून खाली घेतलं. त्याने बूट पुसले, माझ्या तीन रोवी, म्हणजे इकडचे चपटे खारे पाव, खाल्ले, मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, भट्टीच्या दाराला तेल दिलं आणि निघून गेला. त्या दिवशीच्या पावाला बुटांचा वास होता म्हणतात. दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकांनी मुद्दाम येऊन सांगितलं, "कालचा बरा होता."

या गोष्टीला इतकी वर्षं झाली की माझे केस गेले, गुडघे गेले, पण पोर्टलेनीत मी अजून 'नवा बेकर'च आहे. पर्थहून, म्हणजे स्कॉटलंडातल्याच पर्थहून, आलेल्या माणसाला इथे जुनं व्हायला दोन पिढ्या लागतात.

गावात निम्मे लोक फ्लेट आणि निम्मे स्मिथ. त्यांना पुरवायला नावं मोजकीच. म्हणून प्रत्येक घराण्याला एकेक टोपणनाव. डॉडच्या खापरपणजोबाने एकदा अ‍ॅबर्डीनला जाऊन राजाची गाडी मागून पाहिली होती. राजा नव्हे, गाडी, आणि तीही मागून. पण त्याने ती हकिकत मरेपर्यंत इतक्या वेळा सांगितली की गावाने वैतागून सगळ्या खानदानाचंच नाव 'किंग' ठेवलं. डॉडचं खरं नाव जॉर्ज फ्लेट, पण रस्त्यात त्या नावाने हाक मारली तर पाच-सहा जण वळून बघतील. डॉड त्यांत नसेल.

डॉड मच्छीमार. होड्या होत्या तोवर त्याच्या हातांना काम होतं आणि गाव सुरक्षित होतं. मासेमारी बसली आणि त्याचे हात मोकळे सुटले. बायको नेटी म्हणायची, "याचे हात झोपेतही गाठी मारतात, सकाळी माझा झगा सोडवायला अर्धा तास लागतो." पायाला भिंगरी असलेली माणसं असतात, ती गाव सोडून जातात. डॉडची भिंगरी उभी फिरायची. तो गाव सोडायचा नाही, गावावर चढायचा. हातात शिडी, खिशात खिळे, आणि नजर सतत दुसऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर. नेटी शिडी लपवायची, तर हा नवी करायचा. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की कसलीशी खुडबुड ऐकू यायची आणि लोकांना कळायचं की मनोऱ्यावरच्या घड्याळाचा काटा आता थोडा पुढे सरकणार.

नेटी गेली. मग दोन वर्षांपूर्वी, ज्या वयात इतर लोक जिना चढताना थांबून कठडा धरतात त्या वयात, डॉड जीनी स्मिथच्या धुराड्यावरून खाली आला. शिडीवरून नव्हे, सरळच. कमरेचं हाड मोडलं. मुलगी इश्बेल अ‍ॅबर्डीनला मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. तिने नुसतं बघितलं तरी पेशंटचा ताप उतरतो. तिने बापाला उचललं आणि आपल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवलं. घर विकलं. घेतलं एडिंबरातल्या फेअरबेर्न नवरा-बायकोने, पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने द्यायला. किल्ल्या सांभाळायचं काम माझ्याकडे.

अ‍ॅबर्डीनला डॉड पिंजऱ्यातल्या खारीसारखा झाला. त्याने सातही मजल्यांच्या दारांना तेल दिलं. लिफ्टचं झाकण उघडून आत काय आहे ते पाहिलं, तेव्हा लिफ्टमध्ये माणसं होती. रात्रंदिवस एकच धोशा: मला पोर्टलेनीत नेऊन सोड.

आणि यंदा वसंतात संधी आली. आमच्या बंदरामागे गावातल्या म्हाताऱ्यांसाठी एका संस्थेची चार छोटी घरं आहेत. बसकी, एकाच मजल्याची, वर चढण्यासारखं काही नसलेली. त्यातलं चौथं रिकामं झालं. गावात जन्मलेल्या माणसाचा हक्क पहिला. पण संस्थेची अट अशी की हा माणूस एकटा धड राहू शकेल, याची हमी घरच्या माणसाने द्यायची. म्हणजे इश्बेलने.

इश्बेलने बापाला स्वतःची अट घातली. मला तिने ती फोनवर ऐकवली.

"तो पोर्टलेनीत एक आठवडा राहील. एकटा. त्या आठवड्यात रिकामं एकच घर आहे, आमचंच जुनं, तेच मी भाड्याने घेतलंय. दोन्ही पाय जमिनीवर. शिडी नाही, स्टूल नाही, खुर्चीवर उभं राहायचं नाही. हातोडी, रंगाचा ब्रश, पाना, काही हातात घ्यायचं नाही. आठवडा नीट पार पडला तर मी सोमवारी हमी देते. नाही तर विषय संपला, पुन्हा काढायचा नाही."

"मग त्याने करायचं काय गं?"

"पर्यटक काय करतात?"

"काहीच करत नाहीत."

"तेच. आणि रोज संध्याकाळी तू मला फोन करायचा. खोटं बोललास तर मला कळेल."

शनिवारी दुपारी डॉड माझ्या दुकानात शिरला, हातात चाकांची बॅग. बॅगेच्या एका चाकाला त्याने येतायेता बसमध्ये दोरा गुंडाळला होता, करकरत होतं म्हणून. दुकानात जीनी स्मिथ खिम्याच्या पॅटिस घ्यायला आली होती. तीच, धुराड्यावाली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि गावभर तोंड.

"अगं बाई, पर्यटक!" ती म्हणाली. "या, या. कुठून आलात आपण?"

"जीनी, गप बस."

"आमच्याकडे पहिल्यांदाच का?"

"तुझ्या धुराड्यातून तीन कावळे काढलेत मी!"

"हो का? आमच्या पक्ष्यांची आवड दिसते आपल्याला." आणि माझ्याकडे वळून, "यांना मोठी पॅटिस दे हो. बाहेरगावची माणसं जास्त खातात."

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने ते उचललं. इतकी वर्षं ज्याला 'ए डॉड, उतर खाली' याखेरीज कुणी काही म्हटलं नव्हतं, त्याला सगळे 'आपण' म्हणू लागले. बंदरावरचा नॉर्मन स्मिथ टोपी काढून म्हणाला, "हवा कशी वाटते आपल्याला इकडची?" पोस्टातल्या बाईने त्याला गावाचा नकाशा दिला आणि त्यावर त्याच्याच घराभोवती पेनाने गोल काढला. "हरवलात तर कुणालाही विचारा हं."

"मी यांना सोडणार नाही," डॉड मला म्हणाला. "आधी ते घर मिळू दे. मग एकेकाच्या छतावर जाईन."

"हे मी इश्बेलला सांगू?"

"मी काही बोललो का?"

मी त्याला घराची किल्ली दिली. तो ती हातात घेऊन बघत राहिला. "माझ्या घराची किल्ली तू मला देतोस?"

"फेअरबेर्नबाईंच्या घराची."

घरात शिरलो. भिंतीवर त्याचीच वल्ही आडवी टांगलेली, खाली पाटी: समुद्र म्हणजे शांती. डॉडने ती दोनदा वाचली. "कुणाला?" त्याने विचारलं. जाळी ठेवायच्या माळ्यावर आता गुबगुबीत पलंग होता. न्हाणीघरात शिंपल्यांनी भरलेली बरणी होती. पुढच्या दारात त्याची लहान होडी डांबर लावून पालथी ठेवलेली असायची, ती सुलटी करून तिच्यात माती भरून तांबडी जिरेनियम लावली होती. हे सगळं त्याने सोसलं. खिडकी घट्ट झाली होती, ती त्याने नुसती बघितली आणि हात पाठीमागे बांधले. मला त्याची दया आली. हातांना खाज सुटलेल्या माणसाने हात बांधून उभं राहणं म्हणजे काय, हे त्याच्या मानेवरच्या शिरा सांगत होत्या.

मग तो बाहेर अंगणात आला आणि त्याने वर बघितलं.

आमच्याकडे दगडी घरांना तेलरंग देतात आणि दगडांच्या सांध्यांवर हाताने पांढरी रेघ ओढतात. रेघ सांध्यावरूनच गेली पाहिजे. सांधा वाकडा तर रेघ वाकडी. कुणाच्या आजोबाने कुठला दगड कसा बसवला ते त्या रेघांवरून वाचता येतं, आणि गाव ते वाचतं. किंग लोकांच्या गडद लाल भिंतीवरच्या रेघा म्हणजे तर बघत राहाव्यात अशा. फेअरबेर्न मंडळींनी घेतल्या घेतल्या घर रंगवून घेतलं, शहरातला रंगारी आणून. त्या बिचाऱ्याला रंगाच्या जुन्या थरांखालचे सांधे दिसले नाहीत. त्याने पट्टी घेतली आणि सगळ्या भिंतीवर चौकटीच्या वहीसारख्या सरळ, सारख्या अंतराच्या रेघा मारून दिल्या. दगडांच्या पोटातून, पाठीतून, गळ्यातून. वरच्या खिडकीच्या डोक्यावर एकच मोठा दगड होता. डॉडच्या आजोबाने तो किनाऱ्यावरून होडीत घालून आणला होता आणि त्या खेपेत होडी जवळजवळ बुडाली होती. रंगाऱ्याने त्याचे बरोबर मध्यावर दोन तुकडे केले होते.

रंग झाला त्या दिवशी सगळं गाव येऊन बघून गेलं होतं. जीनीने तोंडाला रुमाल लावला होता. पण फेअरबेर्न नवरा-बायको स्वभावाने इतके गोड, येताना सगळ्यांना बिस्किटं घेऊन येणारे, की कुणाला बोलवेना. पर्यटक त्या भिंतीसमोर उभे राहून फोटो काढायचे, आणि आम्ही दुसरीकडे बघायचो.

डॉडने त्या दगडाखालून अंगणाची एक फेरी मारली. मग म्हणाला, "शेडमध्ये शिडी आहे?"

"आहे."

"शेडला कुलूप लाव. किल्ली तुझ्याकडे ठेव. कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस."

मी तसं केलं. रविवारी सकाळी तो दुकानात आला. "किल्ली कुठे ठेवलीस?"

"सांगणार नाही."

"शाब्बास. सांगू नकोस." दारापर्यंत गेला, वळला. "पिठाच्या पिंपात का?"

मी ती पिंपातून काढून दुसरीकडे ठेवली.

संध्याकाळच्या फोनवर इश्बेल नमस्कार-चमत्कार करायची नाही. एकच शब्द विचारायची, "वर?"

"खाली," मी सांगायचो.

"हात?"

"पाठीमागे."

"ठीक." की फोन बंद.

डॉड घराकडे पाठ करून बंदरावरच्या बाकावर बसू लागला. बसणं म्हणजे नावाला. गुडघा हलतोय, टाच आपटतेय, बोटं कोटाच्या बटणाला पिळतायत. बटण तुटलं की उठायचा, धक्क्याच्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. येताना डोळे जमिनीवर, कारण येताना घर समोर दिसायचं. दोन जर्मन बायकांनी मला विचारलं, त्या वृद्ध गृहस्थांचं काही हरवलं आहे का? आणि ही अस्वस्थता साथीच्या रोगासारखी. माझी नजर भट्टीवर ठरेना. दर पाच मिनिटांनी मी दारात येऊन त्या छताकडे बघत होतो. रोवी दोनदा करपल्या. रविवारी जीनीने ऑर्गन इतका भरभर वाजवला की गाणारे लोक एक कडवं मागे राहिले.

बुधवारी दुपारी माझं दुकान बंद असतं. मी ठरवलं, याला कुठेतरी नेलं पाहिजे. पर्यटक म्हणून आलाय तर पर्यटकांसारखं फिरव. नॉर्मन उन्हाळ्यात प्रवाशांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतो. होडी नवीकोरी, फायबरची, पांढरीशुभ्र.

"बाकावर बसायचं," मी डॉडला बजावलं. "उठायचं नाही. काही दुरुस्त करायचं नाही."

"आणि नॉर्मन चुकला तर?"

"चुकू दे."

नॉर्मनने हात देऊन त्याला चढवलं. "जपून हं, काका. होडीत कधी बसलायत का आपण?"

डॉडने ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं, त्या नजरेने फायबर वितळायला हवं होतं. नॉर्मनला होडी चालवायला शिकवलं होतं ते डॉडनेच.

तरी पहिला अर्धा तास बरा गेला. नॉर्मन कर्ण्यातून खडकांची नावं सांगत होता, डॉड हळूच माझ्या कानात ती सुधारत होता. एक डॉल्फिनही दिसला. मग लीड्सहून आलेल्या एका प्रसन्न बाईंनी डबा उघडला, सगळ्यांकडे फिरवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "घ्या ना कुणीतरी, सॅमनचे सँडविच आहेत!"

होडीवर सॅमन या माशाचं नाव काढायचं नसतं. त्याला 'तांबडा' म्हणायचं. पाद्री आणि डुक्कर हेही तसेच, समुद्रावर त्यांचं नाव घ्यायचं नाही. कुणी घेतलंच तर ऐकणाऱ्याने ताबडतोब लोखंडाला हात लावायचा आणि 'गार लोखंड' म्हणायचं. किनाऱ्यावरचं बाळसुद्धा हे शिकून मग चालायला लागतं.

"गार लोखंड!" डॉड गरजला आणि उभा राहिला.

"गार लोखंड!" नॉर्मनही कर्ण्यातून ओरडला. एरवी हा माणूस पर्यटकांना सांगत फिरतो की आम्ही आता या जुन्या गोष्टी मानत नाही. पण कर्णा टाकून तोही हात लावायला जागा शोधू लागला. आणि त्या होडीत हाताशी लोखंडच नव्हतं. फायबर, रबर, प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियम.

"कठडा धर, कठडा!" मी म्हणालो.

"तो स्टेनलेस आहे," नॉर्मन म्हणाला.

"स्टेनलेस म्हणजे काय लोखंड झालं?" डॉड भडकला. "चमचे करतात त्याचे! नांगर कुठाय तुझा?"

"पुढच्या कप्प्यात."

"काढ!"

"झाकण अडकलंय."

"अडकलंय? अडकलंय म्हणे! मी तुला हेच शिकवलं का रे गाढवा?" आणि डॉड कप्प्याकडे निघाला. मी त्याच्या कोटाची मागची बाजू दोन्ही हातांनी धरली. कप्पा उंचावर होता. डॉडचा उजवा पाय उचलला गेला होता. मला डोळ्यांसमोर इश्बेल दिसत होती.

त्या लीड्सच्या बाईंनीच वाचवलं. घाबरत म्हणाल्या, "लोखंडच हवं असेल तर माझ्याकडे इस्त्री आहे." सकाळी त्यांनी आमच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आठवण म्हणून जुन्या काळची इस्त्री घेतली होती. चांगली जड, ओतीव. ती पिशवीतून बाहेर आली. डॉडने हात लावला, नॉर्मनने लावला, मी लावला, मग एकेक करत सगळ्या होडीने लावला. पण त्यानंतर पुढे जायला नॉर्मन तयार नव्हता आणि डॉड तर नव्हताच. होडी वळवून सरळ बंदरात आणली. उतरताना प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. दुसऱ्या दिवशी दोन कुटुंबं येऊन नॉर्मनला विचारत होती, इस्त्रीची फेरी किती वाजता असते?

"वर?" संध्याकाळी इश्बेलने विचारलं.

"खाली."

"पूर्ण वेळ?"

"एक पाय... थोडासा. पण होडीवर कुणीतरी तो शब्द काढला गं. तांबड्याचा."

 मग तिच्या बाजूने ठक्‌ असा आवाज आला. कशाला तरी हात लावला असावा. "ते धरणार नाही," ती म्हणाली.

गुरुवार आणि शुक्रवार मात्र वाईट गेले. डॉड जेवेना. म्हणाला, "डोळे मिटले की ती रेघ दिसते. आजोबाच्या दगडावरची."

"मिटू नकोस मग."

"उघडले तरी दिसते." थोड्या वेळाने म्हणाला, "एकच रेघ रे. लाल रंगाचा एक हात. पांढऱ्याचा पत्ता लागणार नाही. फेअरबेर्नबाईला कळायचंही नाही."

"आणि चार नंबरचं घर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्या घराच्या खिडकीतून बंदर दिसतं," तो म्हणाला. "थोडंसंच. डावीकडे वाकलं की." आणि पुन्हा धक्क्याच्या टोकाकडे चालू पडला. मी त्याच्या मागे. माझ्या मागे नॉर्मन. आपण कशासाठी चालतोय हे नॉर्मनला माहीत नव्हतं, पण त्यालाही बसवेना.

शनिवारी सकाळी इश्बेल आली. गाडी लावली, दुकानात आली, बापाला नखशिखांत तपासलं. नखं पाहिली. रंग नव्हता. तळहात पाहिले. ओरखडा नव्हता. मग तिचा चेहरा जो सैल पडला तो मी तिच्या लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहिला.

"बाबा, तू जिंकलास," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी पहिला फोन संस्थेला करते."

डॉडने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. जीनीने दुकानातच त्याला मिठी मारली. "ये रे डॉड, मेल्या, परत ये. माझ्या धुराड्यात पुन्हा कावळा शिरलाय." हे तिने इश्बेलला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याच्या कानात सांगितलं. नॉर्मनने टोपी हवेत उडवली. मी सगळ्यांना रोवी फुकट दिल्या.

"चल, बॅग घेऊ," इश्बेल म्हणाली. घर विकल्यापासून ती इकडे आलेली नव्हती. आम्ही सगळेच निघालो. कोपरा वळलो, आणि ती थांबली.

"बाबा, हे कुणी केलं?"

"वर बघू नकोस," डॉड म्हणाला. "मीही बघत नाही. चल, आत चल."

"पट्टीने? पट्टीने ओढल्यात?" तिचा आवाज चढला. किंग घराण्याची मुलगी. सात वर्षांची असल्यापासून दर वसंतात शिडीखाली पांढऱ्या रंगाचा डबा धरून उभी असायची. पुढे पुढे तर बापापेक्षा तिचा हात सरळ, म्हणजे हवा तिथे वाकडा, चालायचा. "पणजोबांचा दगड! बाबा, दोन तुकडे केलेत!"

"ते घर आता आपलं नाही, इश्बेल."

"दगड आपला आहे." तिने कोट काढून माझ्या हातात दिला. "शेडची किल्ली."

"इश्बेल—"

"किल्ली."

मी वर म्हटलंय, तिने नुसतं बघितलं तरी ताप उतरतो. किल्ली मी मिठाच्या बरणीत ठेवली होती. पळत जाऊन आणली. नॉर्मन कुठूनसा लाल रंग घेऊन आला. अगदी तीच छटा, जुना डबा. इतकी वर्षं त्याने तो का जपला होता, ते त्यालाच ठाऊक. शिडी लागली. इश्बेल चढली.

आणि खाली डॉड. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, दोन्ही पाय जमिनीवर रोवून. आयुष्यात पहिल्यांदा तो शिडीच्या त्या टोकाला उभा होता. त्याच्या तोंडून जी वाक्यं निघत होती ती सगळी नेटीची होती. "उतर खाली. पुरे झालं. वारा सुटलाय. अगं, खाली ये म्हणतो ना. जेवण थंड होतंय."

"झालंच, बाबा. एकच दगड."

एका हातात रेघ गेली. दगड पुन्हा अखंड झाला. आम्ही खाली उभे असलेले सगळे एकदम 'हां' म्हणालो, आठवडाभर दाबून धरलेला श्वास सोडावा तसे. तिने उतरायला हवं होतं. एक पायरी उतरलीही. मग तिची नजर शेजारच्या दगडावर गेली.

"इश्बेल, नाही," डॉड म्हणाला. "त्याला हात लावू नकोस. तो लांब आहे."

तो लांबच होता. ती वाकली, आणखी वाकली, शिडी भिंतीवरून घसरली. डॉडने ती सोडली नाही, शिडीबरोबर तोही फरफटला, पण जमिनीवरच. इश्बेल खाली आली ती जिरेनियमच्या होडीत. मातीने बरंच झेललं. पाय तेवढा होडीच्या काठावर आपटला. तिने स्वतःच तपासला आणि नर्सच्या कोरड्या आवाजात सांगितलं, "मोडलाय. घोट्याच्या वर. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा." मग बापाकडे बघून, "बाबा, एक शब्द बोलू नकोस."

डॉडने शिडी बाजूला सारली. गुडघे टेकून बसला आणि तिच्या केसांतल्या पाकळ्या काढत राहिला. त्याच्या बोटांना काम मिळालं होतं.

इश्बेलचं लग्न झालेलं नाही, अ‍ॅबर्डीनला तिचं दुसरं कुणी नाही. पायाला प्लास्टर घातलेली बाई सातव्या मजल्यावर एकटी कशी राहणार? म्हणून चाकांची बॅग घेऊन डॉड त्याच अ‍ॅम्ब्युलन्सच्या पुढच्या सीटवर बसून गेला, तिचं करायला. सोमवारी संस्थेला फोन गेला, पण तो थोडं थांबा म्हणून सांगायला. संस्था जूनच्या अखेरपर्यंत थांबली. हाड जुळायला ऑगस्ट उजाडला.

चार नंबरचं घर जुलैत, समुद्र नसलेल्या हंटलीच्या एका निवृत्त शाळामास्तराला दिलं.